खोकल्याचें औषध आणि मनाचा रोग

मानवी शरीराला जडणाऱ्या विकारांत खोकल्याइतका सर्वपरिचित आणि खोकल्याइतका उपेक्षित असा विकार दुसरा क्वचितच सांपडेल. हिवाळ्याच्या पहाटे मनमाडसारख्या जंक्शनावर गाडीची वाट पाहात बसलेल्या उतारूंत दहा-पांच जण तरी खोकत असतात, आणि त्याचें कोणासच कांहीं वाटत नाहीं. घरोघरीं त्याचे उपाय ठरलेले आहेत. आजीच्या बटव्यांतला ज्येष्ठमध, खडीसाखर व लवंग, परसांतल्या अडुळशाचा रस, हळद घातलेलें ऊन दूध, आणि एवढ्यानें भागलें नाहीं म्हणजे औषधाच्या दुकानांतून आणलेली गोडसर औषधाची बाटली. ही बाटली एकदां घरांत आली म्हणजे फडताळांत साखरेच्या बरणीशेजारीं तिचा मुक्काम पडतो. तिच्याविषयीं भीति अशी कोणाला वाटत नाहीं. परंतु या निरुपद्रवी भासणाऱ्या बाटलीचा इतिहास पाहूं गेल्यास तो घशापाशीं थांबत नाहीं. मेंदूपर्यंत आणि मेंदूंतून मनापर्यंत जाऊन पोंचतो. खोकल्याची उबळ थांबविण्यासाठीं शोधून काढलेलें एक औषध, दुसऱ्या एका औषधाच्या जोडीनें, २०२२ सालीं नैराश्य या मानसिक रोगावरील उपचार म्हणून अमेरिकेंत अधिकृतपणें मान्य झालें. हें कसें घडलें, आणि त्यांतून सामान्य गृहस्थानें काय घ्यावें व काय घेऊं नये, हें समजून घेण्यासारखें आहे.

घशाच्या विकाराचा मनाशीं संबंध तो काय, अशी शंका प्रथमदर्शनीं येणें साहजिक आहे. खोकला हा वस्तुतः रोग नव्हे. ती शरीरानें केलेली एक संरक्षक क्रिया आहे. श्वासनलिकेंत धूळ, कफ अगर दाह यांची चाहूल लागतांच तेथील ज्ञानतंतु ती वार्ता मेंदूच्या खालच्या भागीं, जेथें मेंदू पाठीच्या कण्यांतील रज्जूला मिळतो, तेथें पोंचवितात. आणि तेथून छातीच्या व पोटाच्या स्नायूंना हुकूम सुटून हवा एकदम जोरानें बाहेर फेंकली जाते. अर्थात् खोकल्यावर इलाज करण्याच्या दोन तऱ्हा संभवतात. एक, छातींतला कफ पातळ करून तो सुटा करावयाचा. अडुळसा व ज्येष्ठमध यांचें कार्य या वर्गांत पडतें. दुसरी, मेंदूंतून सुटणारा हुकूमच मंद करावयाचा. ही दुसरी तऱ्हा ज्या औषधांची, तीं मुळांत मेंदूवर चालणारीं औषधें होत. मेंदूच्या एका कोपऱ्यास स्पर्श करून बाकीच्या मेंदूस मुळींच न शिवणें हें काम किती दुर्घट, याचा अनुभव वैद्यकशास्त्राला गेल्या दोन शतकांत वारंवार आलेला आहे.

जुन्या वैद्यकानें हे दोन विषय वेगळे मानले होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत कासाचा अध्याय अठरावा, व त्यांत कासाचे वातज, पित्तज, कफज, क्षतज आणि क्षयज असे पांच प्रकार सांगितलेले आहेत. उन्मादाचा अध्याय नववा. एका अध्यायांतलें औषध दुसऱ्या अध्यायांत लागू पडेल अशी अपेक्षा कोणी बाळगली नव्हती. तथापि लोकव्यवहारांत एक द्रव्य असें होतें कीं जें खोकला, अतिसार, वेदना आणि मनाची अस्वस्थता या साऱ्यांवर सररास चाले. तें म्हणजे अफू. मुंबईंत गिरण्या उभ्या राहिल्यावर गिरणींत जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलाला घरीं ठेवून जातांना त्याला अफूची ‘बाळगोळी’ देत. मूल रडत नसे, खोकत नसे, निपचित पडून राही. या प्रथेचा उल्लेख विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांतील सरकारी चौकशांत आलेला आहे. त्या आया क्रूर नव्हत्या. पोट हातावर होतें आणि मुलाजवळ बसावयास दुसरें माणूस नव्हतें. परंतु खोकला थांबला म्हणजे रोग गेला, आणि मूल गप्प झालें म्हणजे तें सुखांत आहे, हा जो भ्रम, त्याचा आरंभ येथें दिसतो.

अफूंतील गुण घ्यावा आणि अवगुण टाकावा, हा प्रयत्न युरोपांतील रसायनज्ञांनीं एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून चालविला. जर्मनींत सेर्ट्युर्नर यानें अफूंतून मॉर्फीन वेगळें केलें. १८३२ सालीं पॅरिस येथें रोबिके यानें त्याच अफूंतून कोडीन काढलें. तें मॉर्फीनहून सौम्य असून खोकल्यावर चांगलें लागू पडे. यापुढचें पाऊल मात्र अतिशय शोचनीय ठरलें. १८९८ सालीं बायर या जर्मन कंपनीनें मॉर्फीनपासून बनविलेलें एक द्रव्य खोकल्याचें नवें औषध म्हणून बाजारांत आणलें आणि त्याला ‘हेरॉईन’ असें नांव दिलें. क्षय आणि न्यूमोनिया यांनीं माणसें पटापट मरत होतीं त्या काळांत खोकल्यावरचें प्रभावी औषध ही मोठी सोय वाटली, आणि त्याची मॉर्फीनसारखी चटक लागत नाहीं असाही समज पसरला. थोड्याच वर्षांत खरा प्रकार उघडकीस आला. ज्या नांवाचा आज उच्चारही नकोसा वाटतो, तें नांव एके काळीं खोकल्याच्या बाटलीवर छापलें जात होतें, हें विसरतां कामा नये.

कोडीनचा प्रवास इतका भयंकर झाला नाहीं, पण तो स्वच्छही राहिला नाहीं. हिंदुस्थानांत कोडीन घातलेलीं खोकल्याचीं औषधें दीर्घकाळ विकलीं गेलीं. आणि खोकला नसतांही तीं विकत घेणारें गिऱ्हाईक हळूहळू निर्माण झालें. दारूचा वास येतो, या बाटलीचा येत नाहीं. आणि औषध म्हटलें कीं घरच्यांचा संशय मावळतो. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानें अफूजन्य द्रव्यांवर कडक नियंत्रण घातलें. पुढें २०१३ सालीं औषधांच्या नियमांत ‘एच-१’ ही नवी अनुसूची घालण्यांत येऊन कोडीनचा समावेश तींत झाला, आणि दुकानदारानें चिठ्ठी देणारा डॉक्टर व घेणारा रोगी यांची नोंद ठेवून ती तीन वर्षें जपावी असें ठरलें. तरीही अशा बाटल्यांचे चोरटे सांठे पकडल्याच्या बातम्या महाराष्ट्रांत अद्याप थांबलेल्या नाहींत.

अशा स्थितींत, खोकला दाबावा परंतु मनाला स्पर्श होऊं नये, असें औषध मिळावें ही ओढ सर्वांनाच होती. विसाव्या शतकाच्या मध्यास तें मिळालें असें वाटलें. स्वित्झर्लंडमधील होफमान-ला रोश या कंपनींत श्नायडर व ग्रुस्नर हे रसायनज्ञ मॉर्फीनच्या धर्तीवरचीं नवीं द्रव्यें कृत्रिम रीतीनें तयार करीत होते. अशा द्रव्यांचे रेणू पुष्कळदां दोन रूपांत असतात. उजवा हात आणि डावा हात जसे सारखे असूनही एकाचा मोजा दुसऱ्यास बसत नाहीं, तसा हा प्रकार होय. त्यांतील डावें रूप मॉर्फीनप्रमाणें वेदना घालविणारें व चटक लावणारें निघालें. उजव्या रूपांत तो गुण जवळजवळ नव्हता, मात्र खोकला दाबण्याची शक्ति कायम होती. या उजव्या रूपाचें नांव डेक्स्ट्रोमेथॉर्फन. नांवांतील ‘डेक्स्ट्रो’ म्हणजेच उजवें. कोडीनची जागा घेईल असें, चटक न लावणारें औषध अमेरिकेच्या लष्करी व गुप्तहेर खात्यांनाही हवें होतें. त्यांच्या पैशानें चाललेल्या संशोधनाचाही या औषधाच्या पुढे येण्यांत भाग होता. १९५४ सालीं त्याचें पेटंट झालें आणि १९५८ सालीं अमेरिकन सरकारनें खोकल्याचें औषध म्हणून त्याला मान्यता दिली. १९६१ सालीं अंमली द्रव्यांसंबंधींचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादींत डावें रूप घातलें गेलें आणि उजवें रूप नांव घेऊन वगळण्यांत आलें. सव्वाशें वर्षांचा शोध सफळ झाला, असें म्हणावयास त्या वेळीं कोणाचीच हरकत नव्हती.

परंतु शास्त्राला निकाल देण्याची घाई झाली होती. सांगितलेल्या मात्रेंत हें औषध खरोखरच सौम्य आहे. तेंच अनेक पट अधिक घेतलें असतां मात्र माणसाला स्वतःच्या देहापासून आपण सुटे झालों आहों असा भास होतो, नसलेल्या वस्तु दिसूं लागतात, तोल जातो आणि विचारशक्ति विस्कळित होते. अमेरिकेंत तरुणांनीं ही गोष्ट डॉक्टरांच्या आधीं हेरली. त्या औषधाच्या गोळ्यांचा दुरुपयोग इतका वाढला कीं १९७३ च्या सुमारास त्या दुकानांतून काढून घ्याव्या लागल्या, आणि त्यांच्या जागीं अधिक प्रमाणांत पिववणार नाहीं असें बेचव पातळ औषध आलें. मनाला स्पर्श करीत नाहीं म्हणून निवडलेलें औषध मनाला चांगलाच स्पर्श करतें, हें अशा रीतीनें सिद्ध झालें. ही वाईट बातमी होती. तथापि विचारी संशोधकांना तींत एक प्रश्नही दिसला. जें द्रव्य निरोगी मनाला हलवूं शकतें, तें रोगी मनाला सावरूंही शकेल काय?

औषधाच्या अंगीं असा दुसरा गुण सांपडणें ही वैद्यकाच्या इतिहासांत अपूर्व गोष्ट नव्हे. क्षयरोग्यांचा दाखला प्रसिद्ध आहे. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयांत क्षयावर इप्रोनियाझिड हें नवें औषध देण्यांत आलें, तेव्हां वर्षानुवर्षें खोकत पडलेले उदास रोगी अकारण आनंदी व उत्साही झालेले आढळले. त्या निरीक्षणावरून १९५७ सालीं तें नैराश्यावर वापरण्यांत येऊं लागलें, आणि पुढें यकृतास इजा होते असें दिसून आल्यावर मागें पडलें. याहून जवळचा दाखला मुंबईचा आहे. सर्पगंधेचें मूळ उन्मादावर देण्याची चाल या देशांत जुनी होती. १९३१ सालीं कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं तें उन्मादावर व रक्तदाबावर गुणकारी असल्याचें प्रसिद्ध केलें. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनीं तें रक्तदाबाच्या रोग्यांवर पद्धतशीरपणें वापरून पाहिलें आणि ५० रोग्यांचा अनुभव १९४९ सालीं इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकांत मांडला. तेव्हां कोठें जगाचें लक्ष त्या मुळाकडे वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें त्यांतून रेसर्पीन वेगळें काढण्यांत आलें आणि १९५४ सालीं न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनीं मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम जाहीर केले. परंतु रक्तदाबासाठीं तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांना खिन्नता येते असेंही पुढें नोंदलें गेलें. एकच मूळ एका रोग्याची खळबळ शमवी आणि दुसऱ्याच्या मनावर अंधार आणी. डॉक्टर वकिलांच्या कार्याचें मोल येथें कळतें. परंपरेवर त्यांनीं आंधळा विश्वास टाकला नाहीं आणि तिचा उपहासही केला नाहीं. रोगी मोजले, रक्तदाब मोजला, आणि जें आढळलें तें लिहून ठेवलें.

डेक्स्ट्रोमेथॉर्फनच्या बाबतींत असें मोजमाप सुरू होण्यास एक अडचण होती, आणि ती यकृतांत होती. मनमाडच्या जुन्या रेल्वेकामगारांना ती एका दृष्टांतानें चटकन उमगेल. निजामाच्या राज्यांतून औरंगाबादमार्गें येणारी मीटर गेजची अरुंद लाइन मनमाडास मुंबईच्या रुंद लाइनीला मिळत असे. दोहोंचें माप वेगळें, त्यामुळें एकीचा डबा दुसरीवर चालत नसे. उतारूंना गाडी बदलावी लागे आणि मालाचें प्रत्येक पोतें हमालांकरवीं एका डब्यांतून काढून दुसऱ्यांत चढवावें लागे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ती लाइन रुंद होईपर्यंत हा क्रम चालला. यकृत हें शरीरांतलें असेंच एक जंक्शन आहे. तेथील एक विकर या औषधाला गांठून त्याचें झपाट्यानें दुसऱ्या द्रव्यांत रूपांतर करतें. नशेचा दोष पुष्कळसा या रूपांतरित द्रव्याचा, आणि मूळ औषध फारच थोडें पुढें मेंदूपर्यंत जातें. शिवाय या विकराची हमाली सर्वांच्या यकृतांत सारखी नसते. युरोपीय लोकांत शेंकडा ५ ते १० जणांत तें जन्मतःच निकामी असतें. भारतीयांत असे लोक कमी, पण आहेत. त्यांच्या शरीरांत खोकल्याची नेहमींची मात्राही अपेक्षेपेक्षां अधिक काळ रेंगाळते.

या अडचणीवर तोड निघाली ती हमालांना दुसऱ्या कामाला लावण्याची. सिंकोना वृक्षाच्या सालींत क्विनाइनबरोबर क्विनिडीन नांवाचें द्रव्य असतें. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर तें पूर्वींपासून वापरांत होतें. त्याची अगदीं अल्प मात्रासुद्धां यकृतांतील त्या विकराला अडवून धरते, आणि मग डेक्स्ट्रोमेथॉर्फन मूळ रूपांतच मेंदूपर्यंत पोंचतें. ही जोडी प्रथम मज्जातंतूंच्या असाध्य रोगांत वापरून पाहण्यांत आली. अशा कांहीं रोग्यांना, तसेंच अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्यांना, मनांत दुःख नसतांना रडूं कोसळतें अथवा आनंद नसतांना हसूं फुटतें, आणि तें आवरतां म्हणून आवरत नाहीं. मेंदूंतील विचाराचा भाग व भावना प्रकट करणारा भाग यांचा दुवा तुटल्यामुळें हें होतें. घरच्यांना तें वेड वाटतें. रोग्याला आपण चारचौघांत हसें होतों एवढेंच कळतें आणि तो माणसांत येण्याचें टाळूं लागतो. या जोडीनें असे झटके लक्षणीय प्रमाणांत कमी झाले. २० मिलिग्रॅम डेक्स्ट्रोमेथॉर्फन व १० मिलिग्रॅम क्विनिडीन यांच्या या मिश्रणास अमेरिकेंत ऑक्टोबर २०१० मध्यें मान्यता मिळाली. खोकला आवरणाऱ्या औषधानें न आवरणारें रडूं आवरलें.

पुढची पायरी नैराश्याची. प्रचलित गोळ्यांचा गुण दिसूं लागण्यास कित्येक आठवडे लागतात, आणि पुष्कळांना तो येतच नाहीं, ही मनोविकारतज्ज्ञांची जुनी खंत आहे. २००० सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं असें दाखविलें कीं केटामीन हें भूल देण्याचें औषध अल्प मात्रेंत टोचलें असतां नैराश्य कांहीं तासांत हलकें होतें. केटामीन मेंदूंतील ग्लुटामेट या उत्तेजक द्रव्याचें एक द्वार अडवितें. डेक्स्ट्रोमेथॉर्फनही तेंच द्वार, पण सौम्यपणें, अडवितें हें १९८० नंतरच्या दशकांत कळून चुकलें होतें; तेव्हां संशोधकांची दृष्टि त्याच्याकडे वळणें क्रमप्राप्तच होतें. या वेळीं हमालांना गुंतविण्यासाठीं ब्युप्रोपिऑन हें औषध घेण्यांत आलें. तें नैराश्यावर आधींपासूनच प्रचलित असून त्याच विकराला अडविणारेंही आहे.

३२७ रोग्यांच्या सहा आठवड्यांच्या चांचणींत ही जोडी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा सुमारें ४० जणांचीं लक्षणें जवळजवळ नाहींशीं झालीं; औषधहीन गोळी घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा सुमारें १७ होतें. ८० रोग्यांच्या दुसऱ्या एका चांचणींत नुसत्या ब्युप्रोपिऑनपेक्षां जोडी सरस ठरली. ऑगस्ट २०२२ मध्यें अमेरिकेनें तिला मान्यता दिली. या आंकड्यांची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शंभरांतील साठ जणांना सहा आठवड्यांत पूर्ण उतार पडला नाहीं. इतर औषधांना दाद न देणाऱ्या हट्टी नैराश्याच्या रोग्यांवरील चांचणींत सहा आठवड्यांअखेर या जोडीचें वर्चस्व सिद्ध झालें नाहीं. म्हणजे जें मिळालें तें एक नवें हत्यार आहे, संजीवनी नव्हे.

कफ सुटा करणाऱ्या पहिल्या वर्गाची कथाही आतां मेंदूकडे वळूं लागली आहे, आणि ती महाराष्ट्राच्या परसांतून निघालेली आहे. अडुळशाच्या पानांतून १८८८ सालीं डेव्हिड हूपर यांनीं वासिसीन हें द्रव्य वेगळें केलें; हेच हूपर पुढें मुंबईचे विल्यम डायमॉक यांच्यासह हिंदी वनौषधींच्या थोर ग्रंथाचे कर्ते झाले. वासिसीनच्या धर्तीवर जर्मनींत ब्रोमहेक्सीन तयार झालें व १९६३ पासून वापरांत आलें. त्यापासून अ‍ॅम्ब्रॉक्सॉल निघालें. हें अ‍ॅम्ब्रॉक्सॉल मेंदूच्या पेशींतील केर निपटणाऱ्या एका विकरास मदत करतें असें आढळल्यावरून कंपवाताबरोबर स्मृतिभ्रंश जडलेल्या ५५ रोग्यांना कॅनडांत वर्षभर तें देऊन पाहण्यांत आलें. २०२५ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बुद्धीचा ऱ्हास थांबल्याचें दिसलें नाहीं. परंतु औषध न मिळालेल्यांचीं मानसिक लक्षणें वाढलीं असतां औषध घेणाऱ्यांचीं स्थिर राहिलीं. ५५ ही संख्या लहान आहे. तिच्या आधारावर आशा बाळगतां येते, औषधयोजना करतां येत नाहीं. आणि अडुळशाचा काढा प्याल्यानें स्मृति सुधारेल असें तर मुळींच म्हणतां येत नाहीं.

हा सावधपणा केवळ शास्त्रीय शिष्टाचार नव्हे. त्यावर माणसांचे जीव अवलंबून आहेत. २०२१ सालीं दिल्लींत डेक्स्ट्रोमेथॉर्फन दिल्यामुळें १६ मुलांना विषबाधा झाल्याचें उघडकीस आलें. त्यांतील तीन मुलें दगावलीं. तेव्हां केंद्रीय आरोग्यसेवेच्या महासंचालनालयानें चार वर्षांखालील मुलांना हें औषध देऊं नये असें कळविलें. २०२५ सालीं त्याच कार्यालयानें दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीचें कोणतेंच औषध देऊं नये आणि पांच वर्षांपर्यंत सामान्यतः तें टाळावें असा सल्ला प्रसृत केला. गिरणगांवांतील बाळगोळीपासून या बाटलीपर्यंत शंभर वर्षें लोटलीं. पण मुलाचा खोकला ऐकवत नाहीं म्हणून त्याला गप्प करण्याची घाई आईबापांना आजही होते. मुलाचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो, हें त्यांना कोणीतरी धीरानें सांगावयास पाहिजे.

मोठ्या माणसांना धोका निराळ्या वाटेनें येतो. खोकल्याच्या औषधानें नैराश्य जातें, एवढेंच अर्धें वाक्य ज्याच्या कानीं पडेल, तो फडताळांतली बाटली तोंडाला लावण्याचा संभव आहे. त्या बाटलींत बहुधा एकटें डेक्स्ट्रोमेथॉर्फन नसतें. सर्दीचीं व तापाचीं इतरही द्रव्यें असतात, आणि त्यांची अधिक मात्रा यकृताला व हृदयाला घातक ठरते. ज्याला नैराश्यावरील दुसऱ्या गोळ्या आधींच चालू आहेत, त्याच्या बाबतींत तर या औषधाचा त्यांच्याशीं संयोग होऊन ताप, कंप, भ्रम अशीं जीवघेणीं लक्षणें उद्भवूं शकतात. मान्य झालेल्या जोडींत मात्रा ठरलेली, सोबतीचें औषध ठरलेलें, आणि रोग्यावर डॉक्टरची नजर ठरलेली असते. या तीन गोष्टी काढून घेतल्या म्हणजे उरतें तें १९७३ सालचें व्यसन.

नैराश्य मात्र खरें आहे आणि तें दूर नाहीं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत प्रौढांपैकीं दर वीस माणसांत एकाला आयुष्यांत केव्हां ना केव्हां नैराश्य जडल्याचें आढळलें. आणि मानसिक विकार असणाऱ्यांत शेंकडा सत्तरांहून अधिक लोक उपचारावांचून राहात होते. ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, येरवड्याचेंही शतकापूर्वींचें आहे; तरी त्यांचें नांव काढतांच घरांतलीं माणसें आवाज खालीं करतात. जो गृहस्थ खोकला तीन आठवडे राहिला तर छातीचा फोटो काढावयास जातो, तोच गृहस्थ तीन महिने झोंप नाहीं, अन्नावर वासना नाहीं, जगणें नको झालें आहे, हें कोणाला सांगत नाहीं. सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सेवा चालविली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्रीं विनामूल्य बोलतां येतें. मनमाडसारख्या गांवीं मनोविकारतज्ज्ञ सहजासहजीं भेटत नसला, तरी तेवढा आधार आज घरांतल्या दूरध्वनीच्या अंतरावर आहे.

अफू, कोडीन, हेरॉईन आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन या चौघांचा इतिहास एकत्र पाहिला असतां एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक वेळीं नव्या औषधाला निर्दोष म्हणून मिरविण्यांत आलें, आणि प्रत्येक वेळीं तें दोष घेऊनच आलें. फरक पडला तो शेवटच्या खेपेस. या खेपेस दोष पाहून औषध फेंकून दिलें गेलें नाहीं, आणि गुण पाहून तें डोक्यावरही घेतलें गेलें नाहीं. अर्धें शतक धीर धरून तें मोजलें गेलें. औषधाचा धर्म त्याच्या नांवांत नसतो. तो त्याच्या मात्रेंत, त्याच्या सोबतींत आणि तें देणाऱ्याच्या जबाबदारींत असतो. फडताळांतली बाटली ही खोकल्याचीच बाटली आहे; तिच्यावर झांकण घट्ट असावें, ती मुलांच्या हाताला लागूं नये, आणि खोकला गेल्यावर ती घरांत राहूं नये. मनाच्या रोगासाठीं मात्र ज्यानें त्यानें घरांतल्या कोणाजवळ तरी तोंड उघडावें आणि मग डॉक्टरकडे जावें.